खवळलेला समुद्र आणि त्यातले जीव : तुमचे अनुभव लिहा

मागच्या मार्चमध्ये आम्ही वेळासला होतो. सकाळी सातला कासवमित्रांनी (कासवांची अंडी राखणाऱ्या गावकऱ्यांनी) घरट्यावरची टोपली उचलली. वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची नऊ पिल्लं वर आलेली, तळहातावर दोन मावतील एवढी. आठ पाण्यात गेली. नववं मात्र दर लाटेला मागे फेकलं जाऊन उताणं पडत होतं. लेकीचा हात आपसूक पुढे गेला, तसा कासवमित्र दादा हळूच म्हणाला, "हात नको, बाळा. त्याचं त्याला जाऊ दे." सहाव्या लाटेने ते पिल्लू नेलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली इथे काम सुरू केलं. त्याआधी अंडी सर्रास चोरीला जायची.

तुम्ही काय पाहिलंत? महिना कुठला होता, भरती होती की ओहोटी, आणि त्या जीवापासून किती लांब उभे होतात, तेही लिहा. जाणाऱ्याला उपयोग होतो.

*

माझं माहेर गुहागर. 2021 साली ओडिशात टॅग (नंबराचा बिल्ला) लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली, टॅग नंबर 03233. पूर्वेची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, असंच आम्ही धरून चाललो होतो. बातमी वाचली तेव्हा लहानपणची पुळण आठवली आणि डोळे भरून आले.

*

नोव्हेंबर 2023, गणपतीपुळे. देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. अंग सुकू नये म्हणून लोक त्याच्यावर पाणी मारत होते, ओली फडकी टाकत होते. त्याने श्वास सोडला की डोक्यावरच्या भोकातून फुस्स असा मोठा आवाज यायचा आणि सगळे क्षणभर गप्प व्हायचे. तटरक्षक दल, वन विभाग, गावातली पोरं, सगळे झटले. भरतीला ते पुढे सरकायचं, लाट पुन्हा किनाऱ्याकडे ढकलायची. शेवटी खोल पाण्यात नेलंही, पण ते वाचलं नाही. त्या पाण्याला ओढ फार. एरवी मी गुडघ्याच्या पुढे जात नाही, त्या दिवशी छातीपर्यंत गेलो होतो. तसं कुणी करू नये.

*

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. जानेवारीत तिथल्या आन्यो नुएवो किनाऱ्यावर एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य सील) बघायला गेलो. या दिवसांत वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि 25 फुटांच्या आत जायची बंदी. दोन नर छातीला छाती भिडवून लढत होते, पायाखालची वाळू हादरत होती. आमच्या वाटाड्या आजींनी निघतानाच बजावलं होतं की समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, इथे एखादी लाट न सांगता दुप्पट आत येते. आणि आलीच. वीस पावलं मागे पळालो तरी बूट भिजले.

*

हर्णैला डॉल्फिन बघायला जाणार असाल, तर तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) आधीच सांगा, की पाठलाग नको, इंजिन बंद करा. आम्ही तसंच थांबलो. दहा मिनिटांनी माय-लेकरू आपणहून होडीजवळ आलं.

*

जुहू, ऑगस्ट. भाच्याने निळा फुगा समजून उचलला. ती ब्लूबॉटल होती, जेलीफिशसारखा दिसणारा विषारी समुद्री जीव. मनगटावर लाल वळ उठले, पोरगं तासभर कळवळत होतं. डॉक्टरांनी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरायला लावला, तेव्हा कळ उतरली. पावसाळ्यात पोरांना चप्पल घातल्याशिवाय त्या वाळूवर सोडू नका, मेलेली दिसली तरी ती डसते.