कॉलेजच्या दिवसांतली बचत : तुमचे अनुभव लिहा

मेसकार्ड :
धाकटी बहीण यंदा पुण्याला एफवायला गेली. पहिल्याच महिन्याच्या सतरा तारखेला फोन, "ताई, पैसे संपले." ओरडणार होते, पण स्वतःचं एफवाय आठवलं आणि गप्प बसले. तिला वाचायला द्यावा म्हणून हा धागा. 'उत्पन्नाच्या वीस टक्के बाजूला टाका' छापाचे सल्ले नकोत, तिला उत्पन्नच नाही. स्वतः काय केलंत, कुठे आपटलात, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आमच्या मेसला सलग चार जेवणांचा खाडा आदल्या रात्री सांगितला तरच पैसे वळते व्हायचे. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी मी घरी, आणि खाडा सांगायचा हमखास विसरायचे. वर्षभर न जेवलेल्या जेवणांचे पैसे भरले! एसवायला रूममेटनं दाराच्या आतल्या बाजूला खडूनं 'खाडा?' एवढंच लिहून ठेवलं. तेवढ्यावर भागलं.

पंचगंगाकाठ :
कोल्हापुरात होतो, 2003 ते 2006. मेस परवडायची नाही. डबा गावाकडनं यायचा, सकाळच्या पहिल्या एसटीनं. आई पहाटे चारला उठून तीन भाकरी, कोरड्यास आणि खर्डा बांधायची. डब्यावर ऑइलपेंटनं आडनाव घातलेलं, तरी स्टँडवर पन्नास डब्यांत आपला हुडकायला लागायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. ती गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी उपास, कारण घरात तसला डबा एकच.

मेसचे वाचले म्हणून वडिलांनी पोस्टात महिना 50 रुपयांची आरडी काढून दिली. तेव्हा 10 रुपयांपासून निघायची, आता किमान 100 लागतात. दुसऱ्या वर्षी एका जुन्या मोबाइलवर जीव गेला आणि पासबुक घेऊन पोस्टात गेलो. खिडकीतले काका म्हणाले, "तीन वर्षं झाल्याबिगर मोडत नाही. जा, अभ्यास कर." लई राग आला होता. वर्षानंतर निम्म्यापर्यंत उचल मिळते हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि बरंच झालं म्हणायचं. पाच वर्षांनी 3000 आणि वरचं व्याज हातात आलं, ते बी.एड.च्या फीला लावलं.

चौथी सीट :
घरून लोकलच्या तिमाही पासाचे पैसे मिळायचे. मी शहाणा, मासिक पास काढून उरलेले कॅन्टीनमध्ये उडवायचो. तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, म्हणजे तिथेच तोटा. तिसऱ्या महिन्यात पास संपलेला, खिसा रिकामा आणि दादरच्या पुलावर टीसी. दंड 250, वर भाडं. सोबतच्या मित्रानं भरले. पुढे कन्सेशनचा फॉर्म हातात पडला की त्याच दिवशी खिडकी गाठायचो.

स्कॅनवाली :
सध्या टीवायला आहे. चहा 12, वडापाव 20, झेरॉक्स 8. स्कॅन केलं की पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत. महिन्याचं स्टेटमेंट काढलं तर एकाच टपरीचं नाव एक्केचाळीस वेळा! आता सोमवारी 500 रोख काढते. टपरीवाले दादा सुट्टे नाहीत म्हणून कुरकुरतात, त्यामुळे चहाच कमी झाला.

बॅकलॉग :
पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घ्यायची आणि सेमिस्टर संपलं की तिथेच विकायची, हे इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. फक्त विकायला उशीर करू नका. माझी 2015 पॅटर्नची (म्हणजे त्या सालच्या अभ्यासक्रमाची) पुस्तकं 'बघू नंतर' करत कपाटावर राहिली, 2019 पॅटर्न आला आणि दुकानदारानं हातही लावला नाही. किलोवर गेली.

अजिंक्यतारा :
वाचवायला आधी हातात यावे लागतात, हेही कुणीतरी लिहायला हवं. मी कर्मवीरांच्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका'तून शिकले. लेक्चर संपल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात रोज तीन तास पुस्तकं लावायची, पैसे हजेरीवर आणि तेही उशिरा. त्यातून किंमत तासांत मोजायची खोड लागली. राजवाड्यावर मैत्रिणी ड्रेस बघायच्या आणि माझ्या डोक्यात, हा म्हणजे अकरा तास! चिंगूस म्हणायच्या मला. बचत म्हणावी असं फार उरलं नाही खरं तर, पण परीक्षा फीसाठी घरी एकदाही फोन केला नाही.

मेसकार्ड :
सगळ्यांचे आभार. बहिणीला वाचायला लावलं. तिचा पहिला प्रश्न, "ताई, खाडा म्हणजे काय?"