गोव्याहून गाडीने जोधपूर-जैसलमेर : काय खायचं, काय बघायचं, काय सोडायचं? (मदत हवी आहे)

मंडळी, जानेवारीच्या शेवटी गाडी घेऊन फोंड्याहून थेट थारच्या वाळवंटात जायचं घाटतंय. आई-बाबा (बाबा सत्तरी ओलांडलेले, गुडघे कुरकुरतात), नवरा, कॉलेजातली मुलगी आणि मी. नेटवर शोधलं की सगळीकडे तेच ते, समची वाळू, उंट, तंबू, कालबेलिया नाच आणि बुफे. गोव्यात राहतो हो आम्ही, पॅकेजमधलं 'लोकल' काय असतं ते आम्हाला कुणी नको सांगायला, किनाऱ्यावर गोवन फिश करी म्हणून जे नारिंगी पाणी वाढतात ते आमच्या घरी कुणी तोंडात धरणार नाही. तेव्हा तिकडचे लोक स्वतः कुठे खातात आणि घरी पाहुणे आले की त्यांना कुठे नेतात, ते सांगा.

रस्ता असा धरलाय, चोर्ला घाटाने बेळगाव, मग एनएच ४८ ने कोल्हापूर, पुणे, मुंबईबाहेरची ती नेहमीची कटकट, बडोदा, अहमदाबाद, आणि पुढे पालनपूर, आबू रोड, पाली, जोधपूर. पंधराशे किलोमीटरच्या वर जातं. पुण्यात मावशीकडे मुक्काम आहेच, बडोद्याच्या आसपास एक करू, पण बडोदा ते जोधपूर एका दमात आई-बाबांना झेपेल का की आबू रोडला थांबावं? पालीच्या पुढे ओम बन्नांचं, म्हणजे बुलेटची पूजा होते ते देऊळ हायवेवरच लागतं, तिथे नवरा थांबणारच, त्याच्यासाठी तो मुख्य देव आहे. त्याच्या जोधपूरच्या दोस्ताला काजू फेणी न्यायची होती पण मध्ये अख्खा गुजरात, तिथे दारूबंदी, आणि जीए पाटीची गाडी दिसली की डिकी उघडायला लावणारच, त्यामुळे फेणी रद्द, काजूगर आणि दोदोल (नारळ-गुळाची मिठाई) नेतोय.

जोधपूरला मेहरानगड, जसवंत थडा, तूरजी का झालरा (पायऱ्यांची विहीर) हे ठरलंय. मेहरानगडला लिफ्ट आहे असं वाचलंय, ती बाबांना कुठपर्यंत नेते आणि त्यानंतर चढ किती उरतो हे कुणी नीट सांगेल का? खाण्यात मिरची वडा घंटाघराजवळ की आणखी कुठे? तिकडे म्हणे तो ब्रेडच्या स्लाइसमध्ये दाबून खातात. आमच्याकडे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव आणि मिरची भजी हे संध्याकाळचं खाणं, त्यामुळे या एका गोष्टीत आम्ही जरा कडक परीक्षक आहोत. मावा कचोरी आणि मखनिया लस्सी एकाच दिवशी नको ना, की चालतं? लाल मांस मात्र हॉटेलातलं क्रीम घातलेलं नको, मथानियाची मिरची घालून करतात ते हवंय, कुणाकडे घरगुती जेवण मिळत असेल तर आधी सांगून जाऊ.

आता खरी अडचण. बाबांना दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. चार दिवस दाल-बाटी कौतुकाने खातील, पाचव्या दिवशी तोंड वाकडं. आईने आत्ताच जाहीर केलंय की सोलं (आमसुलं), वाळवलेली सुंगटं (कोळंबी) आणि थोडे खारे बांगडे बरोबर घेणार. बंद गाडीत, इतक्या तासांचा प्रवास, आणि खारे बांगडे! सोलं आणि सुंगटांपर्यंत मी तयार आहे, बांगड्यांवर बोलणी चालू आहेत. बरं, बाजरीची राब, म्हणजे पातळ पेज, हिवाळ्यात गरम देतात ती बाबांना आवडेल असं मला वाटतं, पण ती धाब्यावर मिळते की फक्त घरातच करतात? केर-सांगरी तर खायचीच आहे आणि घरीही आणायची आहे. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या शेंगा, त्या भिजवून करता येतील, पण केरचा, म्हणजे त्या काटेरी झुडपाच्या फळांचा, कडवटपणा ताकात किती दिवस ठेवला की जातो? जोधपूर की बिकानेर, वाळवलेला चांगला माल कुठे घ्यावा?

जोधपूर ते जैसलमेर सरळ गेलं तर तीनशेच्या आतच आहे, पण मुलीला पक्ष्यांचं वेड, तिला ओसियाँ-फलोदी करून जायचंय कारण फलोदीजवळ खीचनला कुरजां, म्हणजे करकोचे, हिवाळ्यात हजारोंनी उतरतात आणि गावकरी त्यांना चुग्गाघरात दाणे टाकतात. हे सकाळी लवकर असतं म्हणे, मग आदल्या रात्री फलोदीला राहावं लागेल, तिथे कुटुंबाला राहण्यासारखं काही आहे का? शिवाय तिला माळढोक बघायचाय, सोलापूरजवळच्या नान्नजला जाऊनही दिसला नव्हता. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये सुदासरीला शक्यता असते असं वाचलंय, परवानगी कुठून काढायची?

जैसलमेरचा किल्ला बघायचा पण आत राहायचं नाही असं मी ठरवलंय. आतल्या घरा-हॉटेलांचं पाणी पायात मुरून किल्ल्याला इजा होते, त्यात आपण आणखी एक बादली कशाला ओता. खालच्या गावात, पार्किंग असलेलं साधं गेस्ट हाऊस सुचवा. पटवों की हवेली, गडीसर, बडा बाग यावर मतं नकोत, ते होईलच. कुलधरा घ्यावं की नाही? पालीवालांचं ओसाड गाव म्हणून मला उत्सुकता आहे, भुताच्या गोष्टी ऐकायला नाही.

वाळूसाठी सम की खुडी? सम शहरापासून चाळीसेक किलोमीटर, पण तिथे रात्री डीजे लावतात असं प्रत्येकजण सांगतो, बागा बीचच्या आवाजातून सुटून परत तेच ऐकायला एवढं डिझेल कोण जाळणार. खुडी शांत आहे म्हणतात, अजूनही आहे का? बाबा उंटावर बसणार नाहीत, त्यांना जीपने टेकडीच्या जवळ नेऊन खुर्ची टाकून देणारं कुणी हवं. आणि रात्री थंडी किती? आम्ही वीस डिग्रीला मफलर काढणारी माणसं.

बाबांचा एकच हट्ट, लोंगेवाला. डिसेंबर १९७१ च्या युद्धातली ती रात्र, मेजर चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटची कंपनी, सकाळी जैसलमेरहून आलेली हंटर विमानं, सगळं त्यांना पाठ आहे. तिथून तनोट माता, १९६५ चे न फुटलेले बॉम्ब देवळात ठेवलेत ते. जैसलमेरहून तनोट एकशेवीस किलोमीटर, वाटेत रामगढला टाकी भरून घ्यावी असं ऐकलं, बरोबर ना? जेवणाचं काय, डबा न्यावा का? आणि सीमेपर्यंत जायला बीएसएफची परवानगी लागते ती ज्येष्ठांना घेऊन जाताना आधी काढावी की तिथे मिळते?

परतताना बाडमेर-सांचोर करून कच्छात उतरावं असं नवऱ्याचं म्हणणं, धोलावीरा, पांढरं रण, मांडवीची दाबेली. मला वाटतं हे अती होतंय, आई-बाबा दमतील, त्यापेक्षा बिकानेर करून देशनोक (उंदरांचं करणी मातेचं देऊळ) आणि उंटांचं संशोधन केंद्र बघावं. पण बिकानेर म्हणजे आणखी वर, आणि घर खाली. दोन्हीपैकी एकच जमेल. ज्यांनी म्हाताऱ्या माणसांना घेऊन यातलं काही केलंय त्यांनी आधी उत्तर द्या प्लीज. माघ पौर्णिमेच्या आसपास मरू महोत्सव असतो, तेव्हा जैसलमेरला खोल्या मिळत नसतील तर तारखा पुढे ढकलायला लागतील, आणि नवऱ्याला रजा या आठवड्यातच टाकायची आहे.