मदत हवी आहे: सासूबाईंना सकाळच्या चालण्यासाठी बूट आणि कपडे (रुंद पाय, मधुमेह, नागपूरचं ऊन)

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, गोळ्यांनी साखर बऱ्यापैकी आटोक्यात असते. उजवा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि मुख्य म्हणजे आईंनी ते मनावर घेतलंय. सकाळचा चहा झाला की शेजारच्या काकूंना हाक मारतात आणि दोघी निघतात. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांचं करत आल्या, स्वतःसाठी अशी वेळ त्यांनी कधी काढली नव्हती. म्हणून हे चालणं टिकावं असं मला फार वाटतं, आणि नेमकं पायातल्या जोड्यापायी ते बंद पडायची वेळ आली आहे.

आम्ही त्रिमूर्तीनगरकडे राहतो. लेआउटमधले रस्ते सिमेंटचे, कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक), तेही मधे मधे उचकटलेले. बागेतला ट्रॅकसुद्धा गट्टूंचाच. माती मिळते ती फक्त मैदानात, पण पाऊस पडला की तिथली काळी माती तळाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. थोडक्यात, चालणं कडक जागेवरच होणार.

आधी त्या साध्या रबरी चपलेवर चालायच्या. मग ह्यांनी बर्डीवरून बूट आणले. दुकानदार म्हणाला, "एकदम सॉफ्ट आहे, आईंना हाच द्या." सॉफ्ट आहेच, पण तोच त्याचा दोष वाटतो. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबली की पार आत जाते. तळ मधोमध दुमडतो. आणि पुढून निमुळता. आईंचा चवडा रुंद, त्यात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. काही दिवसांतच करंगळीला फोड आला आणि फुटला. मधुमेहात पायाची जखम किती काळजीची असते ते सांगायला नको. डॉक्टरांना दाखवून औषध केलं, आता पूर्ण भरली आहे. पण आईंनी पुन्हा तीच जुनी चप्पल काढली आहे. "बुटानं पाय जाते, चप्पलच बरी" असं त्यांचं म्हणणं.

परवा संध्याकाळी त्यांना कागदावर उभं करून दोन्ही पावलं पेन्सिलने आखली. डावं पाऊल मोठं भरलं: लांबी २३.५ सेंमी, चवड्याशी रुंदी जवळपास १० सेंमी. लांबीप्रमाणे बायकांचा बूट घेतला तर रुंदीत बसत नाही, आणि रुंदीसाठी मोठा नंबर घेतला तर टाच आत सरकते. अशा पायाला काय घ्यावं? गुडघ्यामुळे वाकून लेस बांधणं जमत नाही, मग वेल्क्रो बरं की नुसता पाय सरकवायचा बूट?

दुसरं कपड्यांचं. त्या साडीच नेसतात. पंजाबी ड्रेस सुचवून पाहिला, नको म्हणाल्या, आणि मला त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही. साडी नेसून आरामात चालता येईल असं काही करता येतं का? जानेवारीत पहाटे कुडकुडायला होतं आणि मेमध्ये सकाळी सातलाच ऊन चटके देतं, त्यामुळे दोन्ही ऋतूंचं सांगा. बजेट तीन हजारांपर्यंत, चांगलं असेल तर थोडं वर गेलं तरी चालेल.

---

प्रतिसाद १

ताई, माप संध्याकाळी घेतलंत ते उत्तम केलं, दिवसभरात पाय थोडे सुजतात. बूट घ्यायलाही संध्याकाळीच न्या, आणि चालताना घालणार तेच मोजे सोबत असू द्या.

रुंदीसाठी पुरुषांचा विभाग बघा. बायकांच्या बुटात डी लिहिलं असेल तर तो रुंद, पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी. टू-ई त्याहून रुंद, फोर-ई आणखी. अडचण एवढीच की पुरुषांच्या बुटाची टाचही जरा मोठी असते, म्हणून दुकानात चालवून बघा. टाच वर-खाली होत असेल तर तो जोड सोडून द्या.

तुम्ही टाच दाबून पाहिलीत ती परीक्षा अगदी बरोबर आहे. मागची बाजू टणक हवी. नाक आणि टाच धरून वाकवला तर बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा, मधोमध नको. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सेमिनरी हिल्ससारख्या उतारावर ती जागा नसेल तर नखं पुढे आपटून काळी पडतात. सपाट जागेवरही बोटं मोकळी हवीतच.

आणि "घातल्यावर सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. जो दुकानात टोचतो तो घेऊ नका.

---

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून बुटाच्या आधी पायाचं लिहिते.

आईंच्या तळव्याची संवेदना तपासली आहे का? डॉक्टरांकडे एक बारीक नायलॉनचा तंतू असतो, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. तो तळव्याला टेकवून कळतं का ते बघतात. संवेदना कमी असेल तर बूट चावतोय हे पेशंटला समजतच नाही, म्हणून "दुखत नाही" एवढ्यावर विसंबता येत नाही. त्यांना फोड जाणवला की तुम्हाला आधी दिसला, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

रोज रात्री दोन्ही पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नाही तर तुम्ही बघा, नाहीतर खाली आरसा ठेवा. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. खडा, दुमडलेला सोल, काहीही असू शकतं. पहिले काही दिवस नवा बूट घरात अर्धा तास, मग काढून त्वचा लाल झाली का ते बघायचं. लाली लवकर जात नसेल तर बूट परत करायचा, म्हणून तोवर बाहेर घालू नका आणि बिल जपून ठेवा.

मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे, म्हणजे रक्त किंवा पाणी लागलं तर दिसतं. बोटांवर जाड शिवण नको, वरचं इलॅस्टिक रुतणारं नको. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला मोजा घासून फोड येतो. मिश्र धाग्याचा घ्या.

वेल्क्रोच घ्या, रुंद पट्ट्यांचा. पाय सुजला तर ढिला करता येतो. नुसत्या सरकवायच्या बुटात पाय धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात.

---

प्रतिसाद ३

ताई, साडीच नेसू द्या बरं त्यांना. माझी आई साडीवरच चालून राहिली, रोज, महाल ते गांधीसागर आणि परत. फक्त रोजच्यापेक्षा तीन-चार बोटं वर नेसते, म्हणजे निऱ्या बुटाच्या नाकात अडकत नाहीत. पदर खांद्याला पिन करून कमरेला खोचते.

साडी सुती किंवा मलमलची घ्या. सिंथेटिक साडी घामानं पायाला चिकटते आणि पाऊल मोकळं पडत नाही. पेटीकोट थोडा घेरदार शिवून घ्या, नाडी रुंद टाका, बारीक नाडी कमरेत काचते. आणि आत गुडघ्यापर्यंतची सुती स्लॅक घालायला सांगा. मांड्या घासून सोलतात ते कोणी बोलत नाही, पण त्यापायीच कितीतरी बाया चालणं सोडतात.

थंडीत स्वेटर एकच जाड नको. पातळ पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, वर पुढून उघडणारं स्वेटर, कानाला स्कार्फ. गरम झालं की काढून हातावर घेता येते. उन्हाळ्यात पांढरा दुपट्टा डोक्यावरून कानावर.

---

धागालेखिका

तिघांचे मनापासून आभार. स्लॅकचं मी विचारायला लाजत होते, बरं झालं तुम्ही लिहिलंत. संवेदना तपासलेली नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे नेतेय.

अजून एक. आई म्हणतात उन्हाळ्यात बूट नकोतच, एमसीआरची सँडल चालेल का?

---

प्रतिसाद २

एमसीआरचा मऊ रबरी तळ मधुमेहात देतातच. पण मागे पट्टा असलेलीच सँडल घ्या, चप्पल नको. उघडी बोटं उचकटलेल्या गट्टूला ठेचकाळतात आणि संवेदना कमी असेल तर ठेच लागल्याचंही उशिरा कळतं, म्हणून पुढून झाकलेली मिळाली तर तीच घ्या. मधुमेहाची पादत्राणं करून देणारे मापावर बनवतात, तुम्ही आखलेला कागद घेऊन जा. अंगठ्याच्या हाडावर शिवण किंवा पट्टा येणार नाही, हे त्यांना आधीच सांगा.

मेमध्ये संध्याकाळी चालवू नका. सूर्य मावळला तरी सिमेंट बराच वेळ तापलेलं असतं. पहाटे उजाडताच निघा. आणि साडीला खिसा नसतो, तेव्हा कमरेला छोटा बटवा द्या, त्यात खडीसाखर आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. काही गोळ्यांनी चालताना साखर उतरू शकते. त्यांची गोळी त्यातली आहे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

---

धागालेखिका

बर्डीला आणि सदरला फिरून पुरुषांच्या विभागातला टू-ई, वेल्क्रोचा, राखाडी रंगाचा जोड मिळाला. मागची बाजू टणक आहे, टाच सरकत नाही. आई दुकानात चार फेऱ्या मारून म्हणाल्या, "अंगठा मोकळा आहे." सध्या घरात अर्धा अर्धा तास चालू आहे. काल लाली दहा मिनिटांत गेली.

मोज्यांचं मात्र अडलंय. बिनशिवणीचे, सैल इलॅस्टिकचे मोजे दुकानांत मिळेनात. नागपुरात कोणाला मिळाले असतील तर कुठे ते कृपया सांगा.