मॉरिस मायनरचा मीटर कमी दाखवतोय, बेळगाव-निपाणी भागात कोण नीट करून देईल?

मायनर_निपाणी
नमस्कार मंडळी. घरची १९५८ ची मॉरिस मायनर १०००, आजोबांची, आता माझ्याकडं आलीय. इंजिन झालं, ब्रेक झाले, राहिला मधला गोल मीटर, वेग दाखवणारा. वीस मैलांपर्यंत काटा थरथरतो, पुढं गप्प होतो. पण मोबाइलच्या जीपीएसवर ६० किमी असताना हा जेमतेम ३० मैल दाखवतो. गाडी थांबली तरी शून्यावर यायला साहेबांना वेळ लागतो. गेल्या वर्षी एका दुकानात दिला होता. "तेल सोडलंय, आता पळंल" म्हणून परत दिला. चार दिवस पळाला. आता काचेच्या आतून तेलकट डाग दिसतोय. एक जण म्हणतो काटा उपटून पुढं बसव, दुसरा म्हणतो आत इलेक्ट्रॉनिक मशीन घाल. मला दोन्ही नको. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, कोल्हापूर, कुठंही येईन. माणूस सुचवा.

टिळकवाडी_तिसरं_गेट
माणूस नंतर. आधी एक सांगा, मैल मोजणारे आकडे बरोबर पळतात काय? हायवेवरचे किमीचे दगड बघून १६ किमी चालवा. मीटरमध्ये ९.९ मैल वाढले पाहिजेत.
का विचारतोय ते सांगतो. केबल येऊन आतलं लोहचुंबक फिरवते. त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकता. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागं ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत वाटी जिथं थांबते, तिथं काटा. आकडे मात्र त्याच फिरत्या दांड्यावरून गरारीनं चालतात, त्यांचा चुंबकाशी काही संबंध नाही. म्हणजे आकडे बरोबर आणि काटा खोटा, तर दोष मीटरच्या डोक्यात. दोन्ही सारख्याच प्रमाणात खोटे, तर गिअरबॉक्समधली केबल फिरवणारी पिनियन (छोटी गरारी) नाहीतर टायर.
काटा उपटून बसवायचं तर अजिबात करू नका. ६० किमीला बरोबर येईल, पण उभी गाडी सात मैलांनी पळताना दिसेल.

घाटरस्ता
दगड बघायला आणि जीपीएसशी वेग ताडायला वंटमुरीच्या घाटाकडं जाऊ नका, चढउतारावर वेग स्थिर धरता येत नाही. निपाणीच्या आसपास सपाट पट्टा आहे की. आणि थरथर म्हणजे बहुतेक केबल. आतली तार बाहेर ओढा, रॉकेलनं धुवा, काचेवर ठेवून बोटानं लोळवा. सरळ असेल तर गुळगुळीत लोळते, मुरगळलेली असेल तर टुणटुण उडते. उडाली तर बदलायची, सरळ करत बसू नका. ग्रीस पातळ लावा आणि मीटरकडची सहा-आठ इंच तार कोरडी सोडा. नाहीतर ग्रीस तारेवरून चढत थेट मीटरात जातं. बसवताना सहा इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण कुठं देऊ नका.

मायनर_निपाणी
रविवारी केलं. १६ किमीला ९.९ मैलच! तार दोन ठिकाणी उडत होती, नवीन घातली. थरथर गेली. कमी दाखवणं तसंच.

उद्यमबागकर
आता माझ्या कामाचं आलं. डायलवर खाली बारीक अक्षरात एक आकडा असेल, तो काय आहे? एका मैलाला केबलनं तेवढे फेरे घ्यावेत असा त्याचा अर्थ. गाडी तेवढे फेरे देते का तेही बघून टाका. मीटरकडून केबल सोडा, तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकला. मागचं चाक बरोबर सहा फेरे फिरेपर्यंत बाणाचे फेरे मोजा. त्याला १६८० नं गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागा. एकच चाक जॅकवर उचलून फिरवू नका, डिफरन्शियलमुळं (मागच्या दोन चाकांत फेरे वाटणारी गरारी) हिशेब निम्म्यावर येईल.

मायनर_निपाणी
डायलवर १४८०. बाण पावणेदहा फेरे, चाक ११ इंच. गुणाकार बायकोनं केला, १४८९. ढकलायला गल्लीतली चार पोरं होती, त्यांची भजी झाली ती वेगळी.

उद्यमबागकर
झकास, गाडी निर्दोष! १४८० चा मीटर म्हणजे केबल मिनिटाला १४८० फिरली की काटा ६० वर. आता गंमत बघा. आपल्याकडं प्रत्येक वर्कशॉपात चार पोलची थ्री-फेज मोटर असतेच. पाटीवर १४४० लिहिलेलं असलं तरी बिनलोड ती १४९० च्या आसपास फिरते. म्हणजे तुमच्या मीटरला आयतं ६० मैलांचं माप. मोटर मीटरला जोडायला लेथवर चौकोनी भोकाची बुश करून घेतो, टॅकोमीटरनं फेरे मोजू. मोटर उलटी फिरत असेल तर दोन वायरी अदलाबदल करायच्या. मीटर घेऊन शनिवारी या, त्या दिवशी फाउंड्रीची गर्दी नसते.

टिळकवाडी_तिसरं_गेट
आणि उघडायचं काम मेस्त्र्याला देऊ नका, घड्याळजीला द्या. हे गंमतीनं म्हणत नाही. ती स्प्रिंग घड्याळातल्यासारखीच असते, तिचा ताण कमीजास्त करायला छोटा दांडा असतो. बेळगावच्या खडेबाजारात अजून हातानं घड्याळं खोलणारे म्हातारे बसतात. फक्त बजावून सांगा, डायलवर थिनर-पेट्रोल नाही, अक्षरं पुसून जातात.

मायनर_निपाणी
झालं मंडळी! मोटरला लावल्यावर ६० च्या जागी ४८. अण्णांनी (घड्याळजी, वय विचारलं नाही) भिंग लावून बघितलं आणि पहिलं वाक्य, "कुणी तेल घातलंय ह्यात?" चुंबक ठणठणीत होतं. ते तेल वाळून काट्याच्या दांड्याच्या टोकांवर डिंक झालेला. वाटी फिरायला बघायची, डिंक धरून ठेवायचा. म्हणूनच परत यायलाही उशीर. त्यांनी लाकडी काडीनं टोकं पुसली, तेल अजिबात घातलं नाही. परत मोटरला लावला, ५७. उरलेले तीन मैल स्प्रिंगचा दांडा नखाएवढा सरकवून भरून काढले. त्यांना वाटतं गेल्या वर्षी दुकानात तेल घालताना तो हलला असावा. मग खाली ७४० फेऱ्यांवर ३० येतंय का तेही बघितलं, आलं.
परतताना हायवेवर जीपीएस ६०, मीटर ३७. अण्णांनी पैसे किती घेतले ते इथं लिहीत नाही, नाहीतर उद्या तुम्ही सगळे तिथं घासाघीस करायला जाल. त्यांना पुढच्या महिन्यात गाडीतून हिंडवून आणायचं ठरलंय.

घाटरस्ता
जुन्या केबलची तार टाकून देऊ नका, माझ्या ॲम्बेसेडरला टोक जुळतंय का बघायचंय.