सर्व्हर बंद झाल्यामुळे घरातले सुस्थितीतले उपकरण निकामी होणार असेल तर ग्राहकाने काय करावे?

मूळ प्रश्न – सांजवात

नमस्कार.

घरातले दिवे फोनवरून आणि ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद व्हावेत म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीचा हब (घरातल्या दिव्यांना फोन व इंटरनेटशी जोडणारे छोटे यंत्र) आणि त्यासोबतचे दिवे घेतले होते. हबमध्ये काही बिघाड नाही, दिवे व्यवस्थित चालतात आणि आजवर त्यांच्याविषयी तक्रार करण्याजोगे काही घडलेले नाही. असे असताना नुकताच कंपनीचा एक ईमेल आला. विषयाच्या ओळीत सेवा अधिक चांगली केल्याचा उल्लेख होता, पहिल्या दोन परिच्छेदांत नव्या उत्पादनांचे कौतुक होते, आणि त्याखाली एका वाक्यात कळवले होते की जुन्या हबला लागणारा सर्व्हर येत्या काही महिन्यांत बंद करण्यात येईल व त्यानंतर काही सुविधा उपलब्ध राहणार नाहीत. त्या सुविधा कोणत्या, याचा संपूर्ण ईमेलमध्ये पत्ता नाही. शेवटी नव्या हबवर सवलतीचे कूपन दिले आहे, आणि त्याची मुदत मात्र ठळक अक्षरांत छापली आहे.

ग्राहकसेवेशी संपर्क साधला तर चॅटबॉट तीन पर्याय देतो, त्यांपैकी एकही माझ्या प्रश्नाशी जुळत नाही, आणि माणसाशी बोलायचे आहे असे लिहिले की तेच तीन पर्याय पुन्हा समोर येतात. गुडघेदुखीमुळे आईला रात्री उठून भिंतीवरच्या बटणापर्यंत जाणे जड जाते, म्हणून तिच्या खोलीतला आणि पॅसेजमधला दिवा या हबला जोडलेला आहे. त्यामुळे हा विषय माझ्या दृष्टीने केवळ हौसेचा नाही.

सर्व्हर बंद झाल्यावर नेमके काय चालू राहील हे आधीच कसे तपासता येईल? दिवे वाचवण्याचा काही मार्ग आहे का? आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेली, न बिघडलेली वस्तू कंपनीने अशी दुरून निकामी करावी, यावर ग्राहकाला काही दाद मागता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – जोडतार

सांजवात, सर्वांत आधी एक विनंती. हब फॅक्टरी रीसेट करू नका आणि वायफायचे नाव किंवा पासवर्डही इतक्यात बदलू नका. अशा अनेक उपकरणांची पहिली नोंदणी कंपनीच्या सर्व्हरमार्फतच होते, त्यामुळे सर्व्हर गेल्यानंतर रीसेट केलेले उपकरण पुन्हा सुरू होण्याची शक्यता फार कमी असते. आणि ग्राहकसेवेकडून मिळणारा पहिला सल्ला बहुधा रीसेट करण्याचाच असतो. तसेच अ‍ॅप ज्या फोनवर आहे तिथून ते काढू नका व त्यातून लॉगआउटही करू नका, कारण सेवा बंद झाल्यावर अ‍ॅप स्टोअरमधूनही नाहीसे होते आणि नव्या फोनवर ते घेता येत नाही.

आता तपासणीविषयी. आपण फोनवर दिव्याचे बटण दाबतो तेव्हा फोन आणि हब एकाच खोलीत असले तरी तो निरोप सरळ हबकडे जाईलच असे नाही. बऱ्याच उत्पादनांत तो आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथे आपले खाते पडताळले जाते, आणि मग तोच निरोप पुन्हा आपल्याच घरातल्या हबकडे येतो. घराबाहेर असतानाही राउटरच्या सेटिंगला हात न लावता दिवे हाताळता यावेत, ही यामागची सोय खरी आहे. पण घरात असताना हाच निरोप थेट देण्याची व्यवस्था करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि ती न करणे हा कंपनीने जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो असे माझे स्पष्ट मत आहे.

राउटरमध्ये बाहेरून येणारी इंटरनेटची केबल काढा, राउटर मात्र चालू ठेवा, म्हणजे घरातले वायफाय सुरू राहील. फोनचा मोबाइल डेटाही बंद करा. मग अ‍ॅप उघडते का, की लॉगिनच्या पडद्यावरच अडकते, ते पाहा. दिवा प्रतिसाद देतो का आणि ठरलेल्या वेळेचे काम आपोआप होते का, हेही पाहा. त्यानंतर हबचा प्लग एकदा काढून पुन्हा लावा आणि तीच तपासणी परत करा. ही दुसरी फेरी टाळू नका, कारण वेळापत्रक हबमध्ये साठवलेले असले तरी हबचे घड्याळ बहुधा इंटरनेटवरूनच लावले जाते. वीज जाऊन आल्यावर ज्याला वेळच ठाऊक नाही असा हब रात्रीचा दिवा भर दुपारी लावू शकतो किंवा लावणारच नाही.

दिवे वाचतील की नाही हे ते हबशी कसे बोलतात यावर अवलंबून आहे. खोक्यावर किंवा दिव्याच्या बुडाशी ‘झिग्बी’ असे छापलेले असेल तर काळजीचे फारसे कारण नाही, कारण ते बिनतारी जोडणीचे, अनेक उत्पादकांनी स्वीकारलेले खुले मानक आहे आणि असे दिवे बहुधा दुसऱ्या कंपनीच्या झिग्बी हबलाही जोडता येतात. एखादा छोटा संगणक, त्याला लावलेला यूएसबी झिग्बी डोंगल आणि ‘होम असिस्टंट’ ही मुक्तस्रोत प्रणाली, एवढ्यावर सगळे काम कोणत्याही बाहेरच्या सर्व्हरशिवाय घरातच होते. दिवे थेट वायफायवर चालणारे असतील तर मार्ग अरुंद आहे. काहींमधल्या चिपवर ‘टॅस्मोटा’सारखे पर्यायी फर्मवेअर (उपकरणाच्या आतली आज्ञावली) चढवता येते, पण ते करताना दिवा कायमचा बंद पडण्याचा धोका असतो, आणि ज्याला हे काम येते अशा माणसाकडूनच ते करून घ्यावे.

प्रतिसाद – वाचनवेडी

हा प्रश्न दिव्यांपुरता नाही, हे सांगण्यासाठी लिहिते आहे. २००९ च्या जुलैमध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकत दिलेल्या ई-प्रती ग्राहकांच्या किंडल या ई-वाचनयंत्रावरून परस्पर काढून घेतल्या. ज्याने ती पुस्तके दुकानात आणली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असे कारण देण्यात आले, पैसेही परत केले गेले, आणि पुढे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. मला त्या प्रसंगात सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट पैशांची नाही. पुस्तकासोबत वाचकाने केलेल्या टिपणांचाही आधार गेला. पान नसेल तर समासातल्या नोंदीचा अर्थ कसा लावायचा? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले तेव्हाही पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली.

व्हिडिओ खेळांच्या बाबतीतही हेच दिसते. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ या २०१४ मध्ये आणलेल्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि तो एकट्याने खेळणाऱ्यांनाही बंद झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपीय नागरिकांच्या अधिकृत उपक्रमाखाली जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. इतकी माणसे एका खेळासाठी सह्या करत नाहीत. खिशातून पैसे गेल्यानंतरही वस्तूवरचा ताबा दुसऱ्याकडेच राहतो, याची चीड त्यामागे आहे, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. जी फाइल कोणत्याही कुलपाशिवाय उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते तिचेच मी पूर्ण मोल देते. बाकी सगळे भाड्याने घेतले आहे असे समजूनच त्याची किंमत ठरवते.

प्रतिसाद – तळटीप

दाद मागण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत निराश होऊन गप्प बसण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि कंपन्या तिच्यावरच भिस्त ठेवून असतात.

आधी वाईट उदाहरण. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब आजीवन सेवेच्या आश्वासनासह विकला गेला होता. ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा पूर्ण बंद केली. हब हाताशी असूनही कोणत्याच उपयोगाचा उरला नाही. आता दुसरी बाजू पाहा. लॉजिटेकने ‘हार्मनी लिंक’ या फोनवरून टीव्ही वगैरे चालवण्याच्या उपकरणाची सेवा मार्च २०१८ मध्ये थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा सुरुवातीला वॉरंटी संपलेल्यांना केवळ सवलत देऊ केली होती, ग्राहकांनी जाहीरपणे विरोध केल्यावर सर्वांना नवा हब मोफत दिला. स्पॉटिफायचे ‘कार थिंग’ हे गाडीत गाणी लावण्याचे उपकरण डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडणार होते. तिथेही आधी परताव्याचे नाव नव्हते, तक्रारी वाढल्यावर खरेदीचा पुरावा दाखवणाऱ्यांना पैसे मिळू लागले. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये ‘स्टेडिया’ ही ऑनलाइन खेळांची सेवा बंद करताना आपल्या दुकानातून झालेल्या खेळांच्या आणि उपकरणांच्या खरेदीचे पैसे परत केले, शिवाय त्याचा कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालावा अशी सोयही करून दिली. म्हणजे निरोप घेतानाही सभ्यपणे वागता येते, हे कंपन्यांनीच दाखवून दिलेले आहे.

कायदा मात्र अजून मागे आहे, आणि जे कायदे झाले आहेत ते प्रामुख्याने सुरक्षेच्या अपडेटविषयी बोलतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणाला सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाच्या सायबर लवचीकता कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यानुसार अशा उत्पादनाला साधारणपणे किमान पाच वर्षे आधार द्यावा लागेल. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. कायमची उतरवून इंटरनेटविना वापरता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे, आणि वाचनवेडी यांचा नियम नेमका याच रेषेवर उभा आहे. यांपैकी एकही तरतूद सर्व्हर चालूच ठेवा असे मात्र सांगत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट उत्पादनांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा जवळपास ८९ टक्के उत्पादनांच्या वेबपानावर अपडेट किती काळ मिळतील याचा उल्लेखच आढळला नाही. खरेदीच्या वेळी ग्राहकाने विचारावे आणि कुठेही लिहिलेले नसावे, अशी ही स्थिती आहे.

त्यामुळे तुम्ही चॅटबॉटचा नाद सोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र पाठवा. नेमक्या कोणत्या सुविधा बंद होणार आहेत त्याची यादी मागा. घरातल्या घरात चालण्यासाठी शेवटचे अपडेट देणार का, असे विचारा. नसल्यास परतावा किंवा बदली हब मागा. सोबत बिल आणि खोक्याचे फोटो जोडा. विक्रीच्या वेळी उत्पादनाच्या वेबपानावर जी आश्वासने होती ती आता बदललेली असू शकतात, म्हणून इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्या पानाची जुनी प्रत शोधून तिचा दुवाही द्या. जाहिरात केलेली सुविधा कंपनीने स्वतःहून काढून घेतली, हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे (पूर्वीचा ग्राहक मंच) मांडण्यासारखा असतो, पण त्यासाठी आधी लेखी मागणी केलेली असणे महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद – सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. जोडतार यांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. इंटरनेट काढल्यावर अ‍ॅप लॉगिनच्या पडद्यावरच थांबते. ठरलेल्या वेळी दिवे लागले, पण हबचा प्लग काढून लावल्यानंतर तेही थांबले. दिव्यांच्या बुडाशी झिग्बीची खूण आहे, त्यामुळे दिवे वाचतील असे दिसते. तळटीप यांनी सुचवल्याप्रमाणे वेबपानाची जुनी प्रत सापडली. तीत कोणत्याही वर्गणीशिवाय सर्व सुविधा मिळतील असे स्पष्ट लिहिले आहे. पत्राचा मसुदा तयार करत आहे. सर्व दिवे एकदम नव्या हबवर न्यावेत की टप्प्याटप्प्याने, एवढेच विचारायचे आहे.

प्रतिसाद – जोडतार

टप्प्याटप्प्याने न्या, आणि सुरुवात आईच्या खोलीतल्या दिव्याने करू नका. झिग्बी दिवा एका वेळी एकाच जाळ्यात राहतो. जुन्या हबच्या अ‍ॅपमधून तो काढून टाकला की तो मोकळा होतो आणि नव्या हबला सापडतो. हे काम सर्व्हर सुरू असेपर्यंत अ‍ॅपमधून सहज होते, नंतर प्रत्येक दिव्याला त्याच्या उत्पादकाने ठरवलेल्या क्रमाने चालू-बंद करून रीसेट करावे लागेल. कमी महत्त्वाचा एक दिवा आधी हलवा, इंटरनेट काढून आणि वीज घालवून तो तपासा, आणि तो व्यवस्थित चालला की मग बाकीचे न्या. आईसाठी बिनतारी झिग्बी बटण घेऊन पलंगाजवळ लावा. ते दिव्याशी थेट जोडता आले तर हब बंद असतानाही दिवा लागेल. घेताना थेट जोडणीची सोय आहे ना, एवढे दुकानदाराकडून लिहून घ्या.