मदत हवी आहे: शाळेतल्या जेवणाबद्दल कुणाशी आणि कसं बोलायचं? (नेरूळ, इयत्ता दुसरी)

लेक नेरूळला दुसरीत आहे. यंदा जूनपासून शाळेने घरचा डबा बंद केला. मधल्या सुट्टीचा खाऊ आणि जेवण दोन्ही कँटीनमधून, पैसे सत्राच्या सुरुवातीलाच भरून घेतले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी खूश झाले होते. पहाटे पाचच्या पोळ्या वाचल्या. शिवाय एकाच्या डब्यात काजू आणि दुसऱ्याच्या डब्यात कालची पोळी असं नको, सगळ्यांनी एकच जेवावं, हे शाळेचं म्हणणं मला आजही पटतं.

पण पोरगी साडेतीनला बसमधून उतरते ती भुकेने रडवेली होऊन. बूट काढायच्या आधी फ्रीज उघडते. काय होतं विचारलं की "पास्ता. गार होता. चिकटलेला."

छापील मेनूत सोमवारी मिश्र डाळींचं वरण, मंगळवारी मटकीची उसळ, रोज फळ. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी तिला विचारून वहीत लिहिलं. पंधरा दिवसांत सहा दिवस पाव, पास्ता नाहीतर नूडल्स. उसळ दोनदा, त्यातली एकदा इतकी तिखट की कुणी खाल्लीच नाही. वरणाला ती "पिवळं पाणी" म्हणते. फळ म्हणजे अर्धं केळं. सात वर्षांच्या मुलीची साक्ष किती धरायची हे कळतं मला, पण आमच्याच सोसायटीतल्या आणखी दोन आयांनी हेच सांगितलं.

वर्गशिक्षिकेशी बोलले. "घरी भाज्यांची सवय लावा" म्हणाल्या. माझी मुलगी दोडका मागून खाते हो, त्यामुळे ते जरा लागलं.

तर प्रश्न असा: कँटीनच्या जेवणाला काही नियम असतात का? खाजगी शाळेत पालकाने नेमकं काय मागायचं? आणि मुलीवर राग निघू नये म्हणून हे कसं मांडायचं? शाळेचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

ऐरोलीची बाई: मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून आमच्याकडचं सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीसाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब. २० ग्रॅम डाळीतून चार-साडेचार ग्रॅमच येतात, बाकीची तांदळातून; म्हणजे डाळ पातळ केली की काय होतं बघा. तुमच्या शाळेला हे बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरा. एका ताटाला कोरडी डाळ किती ग्रॅम घेता, एवढंच विचारा. वरण पातळ की घट्ट यावर वाद होतो, ग्रॅमवर होत नाही.

अजून एक. आमच्याकडे मुलांना वाढायच्या आधी मोठी माणसं चव घेतात, त्यात एक तरी शिक्षक असतोच, आणि चव नोंदवहीत सही होते. दरवेळी खिचडी छान असते असा माझा दावा नाही. पण सही करायची म्हटलं की माणूस घास नीट चावतो.

सीवूड्सचा बाबा: नियम आहेत ना. 'एफएसएसएआय'ची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दलची २०२० ची नियमावली काढून वाचा. चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, मेसमध्ये आणि आवारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे परवाना किंवा नोंदणी लागते. १४ आकडी क्रमांक असतो, तो मागा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे दिला नाही तर तेही एक उत्तरच.

दुसरं, २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळेतही पालक-शिक्षक संघ असावाच लागतो आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. कार्यकारी समितीची निवड सोडतीने होते. तुमच्या समितीत कोण आहे शोधा, त्यांच्यामार्फत विषय लेखी द्या. एकटीने जाऊ नका. सहा-सात पालकांच्या सह्या असल्या की कुणा एका पोरीचं नाव पुढे येत नाही.

अवांतर: ५० मीटरचा नियम आमच्या शाळेसमोरच्या चायनीज भेळवाल्याला कुणीतरी सांगा.

पोळीभाजीवाला_घणसोली: मी शाळांना नाही, पण दोन ऑफिसांना डबे देतो. आमची बाजू ऐका. पाचशे ताटं एकदम गरम वाढायची तर स्वयंपाक तीन-चार तास आधी उरकून हॉटकेसमध्ये भरावा लागतो. पास्ता, नूडल्स त्यात लगदाच होणार, कुणीही केला तरी. तरी ते का असतं? मुलं ताटात टाकत नाहीत, आणि मटकी भिजवून मोड आणायला दोन दिवस आधी तयारी लागते. म्हणून "मैदा बंद करा" एवढंच म्हणू नका, बदली पदार्थ सुचवा. इडली, मसालेभात, मूगडाळीची खिचडी, थालीपीठ, चवळीची कमी तिखट उसळ, हे सगळं टिकतं. पोळ्या मात्र गार झाल्या की वातड होतात, त्याला माझ्याकडेही उपाय नाही.

शाळा ताटामागे ठेकेदाराच्या हातात किती ठेवते हेही विचारा. शिव्या खातो तो ठेकेदार, पण सगळे पैसे त्याच्याकडे जातातच असं नाही.

खारघरची मावशी: ताई, तोवर बसस्टॉपवरच तिच्या हातात राजगिऱ्याचा लाडू नाहीतर गूळ-शेंगदाणे देत जा. भांडण चालू राहील, पोर का उपाशी राहावी?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय. मावशी, लाडू सुरू केला, फ्रीजवरचा हल्ला थांबला.

आठ पालकांच्या सह्यांचं पत्र दिलं. तक्रार म्हणून नाही. चारच गोष्टी विचारल्या: परवान्याचा क्रमांक, ताटामागे डाळीचे ग्रॅम, मैद्याऐवजी दोन दिवस बदली पदार्थ, आणि महिन्यातून एकदा दोन पालकांना न कळवता येऊन जेवायची मुभा. क्रमांक दुसऱ्या दिवशी मिळाला. नूडल्सच्या जागी इडली आली, सांबार बरं होतं म्हणे. डाळीबद्दल "ठेकेदाराला विचारून सांगतो". पालकांच्या जेवणाला होकार आहे, पण आधी कळवून यायचं. म्हणजे त्या दिवशी श्रीखंड-पुरी असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

सीवूड्सचा बाबा, कार्यकारी समितीतल्या दोघी भेटल्या. जेवणाचा विषय कधी सभेपुढे आलाच नव्हता, पुढच्या बैठकीत घेणार आहेत. तर आता मदत एवढीच हवी: कुणाच्या खाजगी शाळेत पालक न सांगता जाऊन जेवतात का? तिथे ते पत्रात कसं लिहून घेतलंय, तो मजकूर इथे टाकाल का? बैठक पुढच्या शनिवारी आहे.