मदत हवी आहे: जी४ आधी आणि जी१ नंतर असलेल्या जीटीपीएजची अलाइनमेंट

नमस्कार मंडळी,

वर्तुळाकार क्रमबदल झालेल्या जीटीपीएज (जीटीपी रेणू तोडणाऱ्या) प्रथिनांचा वंशवृक्ष काढतेय. जीवाणूंमधली आरएसजीए, आरबीजीए, वायक्यूईएच ही कुटुंबं, दृश्यकेंद्रकींमधली एलएसजी१, नॉग२, न्यूक्लिओस्टेमिन आणि मायटोकाँड्रियातलं एमटीजी१ एवढे सीक्वेन्स जमा झालेत. गाडं अडलंय अलाइनमेंटमध्ये, म्हणजे सीक्वेन्स एकाखाली एक जुळवताना.

रास या नेहमीच्या जीटीपीएजमध्ये मोटिफ (जतन झालेले छोटे अमिनो आम्ल-क्रम) जी१ ते जी५ असे सरळ येतात. इथे आधी जी४-जी५ आणि मग जी१-जी२-जी३, पण त्रिमितीय घडी जवळजवळ तीच. बाहेरचा गट (तुलनेसाठीचे दूरचे नातेवाईक) म्हणून रास किंवा एरा हे जीवाणूंमधलं सरळ क्रमाचं जीटीपीएज घातलं की प्रोग्रॅम एक तर जी१ ते जी३ जुळवतो, नाहीतर जी४-जी५. दोन्ही एकदम जुळत नाहीत आणि टोकाला लांबच लांब गॅप पडतात.

जी५ आणि जी१ यांच्या मधल्या दुव्यावर कापून तुकड्यांची अदलाबदल करावी का? की असं केल्याने वृक्षच खोटा ठरेल? दुसरं म्हणजे सी-टोकाच्या (प्रथिनसाखळीच्या शेवटच्या) भागाचं काय करू? क्रम बदलल्यामुळे जी३ नंतरचा स्विच-२ चा (जीटीपी तुटताना आकार बदलणारा) भाग डोमेनच्या शेवटी येऊन मोकळा पडतो आणि सी-टोकाचा भागच त्याला धरून ठेवतो असं मानतात. म्हणून सी-टोक सरळ छाटून टाकायला मन होत नाही. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

कापा, पण फक्त रास किंवा एरा सोबत घेणार असाल तेव्हाच. ही कुटुंबं आपसात जुळवताना कापायची गरज नाही, सगळ्यांचा क्रम एकच आहे. बरोबर कापलंय का ते तपासायला जी३ कडे बघा. रासमध्ये तिथे डीटीएजी (अमिनो आम्लांची एकाक्षरी नावं) आणि लगेच ६१ वा ग्लुटामिन असतो. आरबीजीएमध्ये डीटीपीजी आणि पुढे पाण्यापासून दूर राहणारं अमिनो आम्ल. या दोन जागा एकाच स्तंभात आल्या आणि जी४ चा एनकेएक्सडीही (एक्स म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल) जागेवर बसला, तर निर्धास्त पुढे जा.

सी-टोक एकत्रित अलाइनमेंटमध्ये घेऊ नका. आरएसजीएमध्ये ते जस्त धरतं, आरबीजीएमधलं वेगळ्याच घडणीचं आहे. समान पूर्वज नसलेले भाग जुळवले तर वृक्ष बिघडणारच. मात्र प्रत्येक कुटुंबाच्या वेगळ्या वृक्षात ते जरूर ठेवा, तिथे ते फार बोलकं असतं.

आणि डेटाबेसमधल्या नावांवरून गट पाडू नका. अराबिडॉप्सिस या वनस्पतीतलं एनओए१ २००३ मध्ये नायट्रिक ऑक्साइड सिंथेज म्हणून जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात ते वायक्यूईएचच्या घराण्यातलं जीटीपीएज निघालं. २००८ मध्ये ते स्पष्ट झालं, तरी जुनं लेबल अजून कुठे कुठे चिकटलेलं सापडतं. नाव काहीही असो, मोटिफांचा क्रम स्वतः बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार! आता जी३ चा स्तंभ आधी तपासते आणि कुटुंबवार वृक्ष वेगळे काढते. एक शंका उरलीच: गाभ्याचा डोमेन एवढा छोटा असताना अगदी मुळाजवळच्या फांद्यांवर कितपत विसंबावं?